तुटताना की जुळताना

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात, तिथे प्रवेश परीक्षेचं एक जाडजूड गाईड हाताला लागलं. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र एकाच बांधणीत, कव्हरचा कोपरा उंदराने खाल्ल्यासारखा, पानांना दमट कागदाचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास. जीवशास्त्राच्या भागात एक ओळ पिवळ्या मार्करने रंगवलेली होती: 'अन्नाच्या रेणूंतील रासायनिक बंधांत ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटले की ती मुक्त होते.' शेजारच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पान २१४ ला उलटं आहे. नक्की काय??' पान २१४ काढलं. रसायनशास्त्र. 'बंध तोडण्यासाठी ऊर्जा द्यावी लागते. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते.' हीही ओळ पिवळी. पुन्हा मागे आल्यावर दिसलं की पेन्सिलीच्या प्रश्नाखाली वेगळ्या अक्षरात, निळ्या बॉलपेनने, उत्तरही आहे: 'दोन्ही पाठ कर.'

प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय झालं कोण जाणे. उत्तर देणारा मात्र पास झाला असणार.

पान २१४ बरोबर आहे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. बंध तुटताना ऊर्जा लागतेच, नेहमी लागते, याला अपवाद नाही. तुळशीबागेत फ्रिजवर लावायची चुंबकं मिळतात, आंब्याच्या, गणपतीच्या, वडापावच्या आकाराची. त्यातली दोन, तोंडं जुळतील अशी धरून एकमेकांजवळ न्यावीत. शेवटच्या बोटभर अंतरात ती हातातून सुटतात आणि 'टक्' करून चिकटतात. तो टक् म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा: थोडा आवाज, बोटांना थोडा झटका आणि जाणवणारही नाही इतकी ऊब. चिकटलेल्या जोडीच्या पोटात आता काही भरून ठेवलेलं नाही. सुटी असताना होतं त्यापेक्षा तिच्याकडे कमीच आहे, आणि वेगळी करायची तर ती तूट आपल्या बोटांनी भरून द्यावी लागते. अणूंचं असंच. हायड्रोजनचे दोन सुटे अणू जुळले की एका मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं रसायनशास्त्राचं ठरलेलं माप), म्हणजे हायड्रोजनच्या अवघ्या दोन ग्रॅममागे, ४३६ किलोज्यूल बाहेर पडतात. ते पुन्हा फोडायचे तर तेवढेच ४३६ मोजावे लागतात, आणि तेवढ्या उष्णतेत जवळपास १.४ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येतं. म्हणजे बंध हा खड्डा आहे. मजबूत बंध म्हणजे खोल खड्डा. फ्लोरिनच्या रेणूचा खड्डा १५८ चा, ऑक्सिजनचा ४९८ चा, नायट्रोजनचा ९४५ चा. 'ऊर्जेने भरलेला पदार्थ' असं आपण म्हणतो तो खरं तर उथळ खड्ड्यात बसलेला, शेजारी खोल खड्डा असूनही अजून तिकडे न घसरलेला पदार्थ असतो. मराठीत 'साठा' म्हटलं की कणगी आठवते, तिजोरी आठवते, झाकण उघडलं की माल बाहेर. त्या एका शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या घोटाळा करून ठेवला आहे.

मग गॅस पेटतो तेव्हा उष्णता येते कुठून? हे सरळ वाण्याच्या वहीसारखं मांडून बघावं. पुण्यात आता अनेक सोसायट्यांत पाइपचा गॅस आला आहे; तो बहुतांशी मिथेन. मिथेनच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४१३. जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, प्रत्येकी ४९८. सगळं फोडायचा खर्च १,६५२ अधिक ९९६, म्हणजे २,६४८ किलोज्यूल. आता जमेची बाजू. एक कार्बन डायऑक्साइड, त्यात कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९. आणि पाण्याचे दोन रेणू, त्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी ४६३. बेरीज १,५९८ अधिक १,८५२, म्हणजे ३,४५०. जमेतून खर्च वजा केला की उरतात ८०२. कुकरची शिट्टी वाजते ती या ८०२ वर. हिशेब मोलमागे, म्हणजे १६ ग्रॅम मिथेनमागे आहे, आणि तयार झालेलं पाणी वाफेच्या रूपात निघून जातं असं धरून आहे. प्रत्यक्षात ज्वाळेत आधी सगळं फुटतं आणि मग सगळं जुळतं असा क्रम नसतो, एकेक तुकडा सुटत-जुळत पुढे जातो. पण डोंगर कुठल्या वाटेने उतरलो यावर पायथ्याची उंची ठरत नाही. जर्मेन हेस यांनी १८४० साली मांडलेला नियम तो हाच.

ही वही नीट पाहिली की एक आकडा बोचतो. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध ७९९, कार्बन-कार्बनचा दुहेरी साधारण ६१४, आणि ऑक्सिजन-ऑक्सिजनचा दुहेरी असून फक्त ४९८. म्हणजे मिथेनच्या बंधांत काही फार कच्चं नाही. कच्चा दुवा ऑक्सिजनचा आहे. स्वस्तात फुटतो तो, आणि कार्बनशी किंवा हायड्रोजनशी जुळून खोल खड्ड्यात जातो तोही तोच. आपण सगळं श्रेय सिलिंडरला देतो, नंबर लावतो, सबसिडीवर वाद घालतो. खिडकीतून फुकट येणाऱ्या त्या दुसऱ्या भागीदाराचं नावही कुणी घेत नाही. १९१७ साली डब्ल्यू. एम. थॉर्नटन यांनी दाखवून दिलं की सेंद्रिय पदार्थ कुठलाही जाळा, खर्ची पडलेल्या एक किलो ऑक्सिजनमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच भरते, सुमारे १३.१ मेगाज्यूल. आगीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा आज हाच नियम वापरतात: सोफा किंवा पडदा पेटवतात आणि धुरातला ऑक्सिजन किती घटला ते मोजून आगीची ताकद काढतात. जळणाऱ्या वस्तूत काय काय होतं हे माहीत असण्याचीही गरज पडत नाही. २०१५ मध्ये क्लाउस श्मिट-रोर यांनी हीच गोष्ट बंधांच्या भाषेत मांडली: ऑक्सिजनच्या एका मोलमागे सुमारे ४१८ किलोज्यूल, आणि त्याचं मूळ ऑक्सिजनच्या अशक्त दुहेरी बंधात. आपल्या मिथेनला दोन मोल ऑक्सिजन लागला आणि ८०२ मिळाले, म्हणजे मोलमागे ४०१. चार टक्क्यांची चूक. भाजीवाला याहून जास्त सूट देतो.

सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला की फिटर येतो आणि शेगडीचे जेट बदलतो. ते का बदलायचे, तर याचं उत्तर याच हिशेबात आहे. जेट म्हणजे बर्नरच्या नळीच्या तोंडाशी बसवलेलं, सुईच्या टोकाएवढ्या भोकाचं पितळी बोंडूक. सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. ब्युटेनच्या एका रेणूला साडेसहा ऑक्सिजन लागतात, मिथेनला दोन. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या ब्युटेनमधून सव्वातीन पट उष्णता. वर दाबाचा फरक: सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो, पाइपचा गॅस शेगडीपाशी सुमारे २१. तेव्हा तितकीच आच हवी तर मिथेनला भोक मोठं पाहिजे. जुनंच जेट ठेवलं तर ज्योत मरतुकडी, वाटीभर पाणी उकळायला चहा आटेल एवढा वेळ. आणि उलटं केलं, मिथेनचं मोठं जेट सिलिंडरवर चालवलं, तर त्याहून वाईट. ब्युटेनला स्वतःच्या ३१ पट हवा लागते, मिथेनला साडेनऊ पट पुरते. हवा कमी पडली की कार्बनला जोडीदार मिळत नाही, त्याचे कण ज्वाळेत नुसते तापून पिवळे चमकतात आणि पातेल्याच्या बुडाशी काजळी होऊन बसतात. पिवळी ज्योत दिसली की आपल्याला वाटतं गॅस संपत आला. बहुधा बर्नरची भोकं दुधाने किंवा डाळीने बुजलेली असतात, किंवा हवेची चकती सरकलेली असते. टाचणीने भोकं साफ करावीत, बर्नर गरम पाण्यात साबणाने धुवावा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावा. जेटच्या भोकात मात्र टाचणी घालू नये. ते भोक मापाचं असतं आणि पितळ मऊ असतं.

शाळेत शेंगदाणा जाळून पाणी तापवायचा प्रयोग असतो. अर्ध्या ग्रॅमचा एक भाजका दाणा टाचणीवर टोचायचा, टाचणी बुचात उभी करायची, वर चंचुपात्रात ५० मिलिलिटर पाणी, पाण्यात तापमापी. दाणा पेटायला वेळ लागतो, काडी धरून ठेवावी लागते, बोटांना चटका बसायच्या आत तो एकदम तेल सोडून भगभगून जळायला लागतो. शेंगदाण्यात ग्रॅममागे साधारण २४ किलोज्यूल. अर्ध्या ग्रॅमचे १२. पन्नास मिलिलिटर पाणी एक अंशाने तापायला ०.२१ किलोज्यूल लागतात, म्हणजे पारा ५७ अंश चढायला हवा. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही चढत नाही. मुलं वहीत 'प्रायोगिक त्रुटी' लिहून मोकळी होतात. त्रुटी कसली, उष्णता कुठे गेली ते डोळ्यांसमोर असतं: पात्राच्या कडेने वर गेलेली गरम हवा, तापलेली काच, बुडाला बसलेली काजळी म्हणजे न जळलेला कार्बन, टाचणीवर उरलेला काळा खडा. पात्राभोवती पत्र्याची नळी उभी केली, खाली हवेला भोकं ठेवली आणि पाणी ढवळत राहिलं तर आकडा बराच सुधारतो. पण या प्रयोगातली खरी गंमत शेंगदाण्यासोबत गुळाचा खडा ठेवला तर कळते. गूळ म्हणजे साखर, आणि साखरेच्या रेणूत ऑक्सिजन आधीच शिरून बसलेला असतो. अर्ध्या वाटेवर उतरून आलेली ती. ग्लुकोजच्या १८० ग्रॅमला १९२ ग्रॅम ऑक्सिजन पुरतो. तेलातल्या पामिटिक आम्लाच्या २५६ ग्रॅमला ७३६ ग्रॅम लागतो. थॉर्नटनचा १३.१ घेऊन गुणाकार केला की साखरेचे ग्रॅममागे १४ किलोज्यूल येतात आणि तेलाचे साधारण ३८. तूप-तेलाने वजन का वाढतं यावर आहारतज्ज्ञ जे सांगतात ते सगळं या भागाकारात आहे. (गूळ टाचणीवर नीट जळत नाही, वितळून टपकतो. तो जाळायचा हट्ट करू नये, टेबल खराब होतं.)

पेट्रोलचंही रहस्य तेच. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळपास नऊ युनिट. विजेच्या स्कूटरची बॅटरी तीन युनिटांसाठी दोन हातांनी उचलावी लागते. बॅटरीला आपले दोन्ही भागीदार पोटात घेऊन फिरावं लागतं. पेट्रोलची गाडी दुसरा भागीदार वाटेत गोळा करते, लिटरमागे जवळपास ११ किलो हवा. कात्रजचा घाट चढणाऱ्या स्कूटरने तेवढं ओझं डिकीत भरून नेलं असतं तर पेट्रोलचा तोरा केव्हाच उतरला असता.

आता कुणी विचारेल, खोल खड्डा शेजारीच आहे तर सगळं आपोआप घसरत का नाही? गॅस गळाला तर घर का पेटत नाही, गळती कळावी म्हणून मिसळलेल्या मर्कॅप्टनचा तो सडका वास फक्त का येतो? कारण पान २१४. जुळण्याआधी काही ना काही तोडावं लागतं, आणि ती पहिली किंमत रोख द्यावी लागते. काडेपेटी हे त्या रोख रकमेचं पाकीट. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, गंधक आणि सरस. पेटीच्या कडेच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस आणि काचेची भुकटी. घासल्यावर किंचित फॉस्फरस तापतो, क्लोरेटच्या ऑक्सिजनशी गाठ पडते, ठिणगी गुलात शिरते, गूल काडीला पेटवतो, काडी गॅसला. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा उंबरठा ओलांडून देते. जुलैत पुण्यात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. सादळलेल्या गुलातला सरस मऊ पडतो, घासताना गूल चुरगळून पट्टीवर तांबूस फराटा उमटतो, आणि जी थोडी उष्णता झाली ती पाणी सुकवण्यात खर्ची पडते. पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला सव्वादोन किलोज्यूलच्या वर लागतात. सरकत सरकत सगळी पेटी संपते, एक काडी पेटत नाही. पेटी तव्याजवळ वाळत ठेवणं धोक्याचं. काचेच्या बरणीत भाजलेल्या तांदळाचे दाणे टाकून ठेवली तर बरी राहते.

पावसातच सिंहगडाच्या वाटेवर कणसांच्या शेगड्या लागतात. ओल्या मातीचा, मक्याच्या करपलेल्या केसांचा आणि लिंबू-तिखटाचा वास एकत्र येतो. शेगडीकडे जरा निरखून पाहावं. पुठ्ठ्याने वारा घातला की निखारे लालचे केशरी होतात, आणि वारा थांबला की त्यांच्यावर फिकट निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत लवलवायला लागते. कोळशात तर वायू नाही, मग ही ज्योत कशाची? तळाशी हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर येताना लाल कोळशातून जातो, तिथे त्याला आणखी कार्बन भेटतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो पृष्ठभागावर आला की ताजी हवा मिळून निळा जळतो. कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइडपर्यंत फक्त १११ किलोज्यूल सुटतात, पुढच्या पायरीला २८३. म्हणजे कोळशाच्या एकूण उष्णतेतले ७२ टक्के त्या निळ्या, दुर्लक्षित ज्योतीत आहेत. मजा म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा बंध दोन अणूंमधल्या बंधांत सगळ्यात मजबूत, १,०७२ चा. 'बंधात ऊर्जा साठते' हे खरं असतं तर हा वायू सगळ्यात मोठा खजिना ठरला असता. 'मजबूत तो जळत नाही' हे खरं असतं तर तो जळायलाच नको होता. दोन्ही चूक. त्याच्यापुढे सुमारे १,६०० चा खड्डा आहे, म्हणून तो जळतो.

आणि ती निळी ज्योत दिसत नसेल, तर तो वायू न जळता खोलीत चालला आहे.

डिसेंबरात दार-खिडक्या लावून, खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणारे सकाळी उठत नाहीत ते यामुळे. वास नाही, धूर नाही, डोळ्यांत पाणी नाही. हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा हा २०० पटींहून जास्त घट्ट बिलगतो. शेगडी बाहेर अंगणातच पेटवावी, निखारे लाल झाले म्हणून ती आत आणू नये. लाल निखारा धुरकट निखाऱ्याइतकाच, कधी कधी जास्तच, घातक असतो. जुन्या घरांत रात्री चुलीतला विस्तव राखेखाली पुरून ठेवत. कार्बन तोच, तेवढाच, पण हवा थेंबाथेंबाने मिळते. पहाटे राख सारून फुंकणीने दोन फुंकरा मारल्या की तो पुन्हा लाल. राखेखालच्या त्या निखाऱ्याला 'ऊर्जा साठवलेला' म्हणायचं की 'भागीदाराची वाट पाहणारा', एवढाच इथे वाद आहे.

हवेत चार भाग नायट्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन असे शेजारी शेजारी तरंगत असतात आणि काडी ओढली तरी आभाळ पेटत नाही, याचं आपल्याला कधी नवल वाटत नाही. नायट्रोजनचे ९४५ आणि ऑक्सिजनचे ४९८ मोजायचे, १,४४३ झाले. बदल्यात नायट्रिक ऑक्साइडचे दोन बंध, प्रत्येकी ६३१, म्हणजे १,२६२. तोट्याचा धंदा, १८१ खिशातून. वीज कडाडते तेव्हा तो तोटा ती भरते, आणि इंजिनाच्या सिलिंडरमधल्या भयंकर तापमानातही तो भरला जातो. पीयूसीची नळी सायलेन्सरमध्ये घालून आपण धूर तपासतो, त्या धुरात हाही असतो. नायट्रोजनच्या याच खोल खड्ड्यावर स्फोटकांचं बरंचसं शास्त्र उभं आहे: रेणूत नायट्रोजनचे अणू उथळ जागी अडकवून ठेवायचे, सुटले की ते एकमेकांना गाठून त्या खड्ड्यात कोसळतात. पुण्याच्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. तिथेही 'बंध तोडून ऊर्जा' मिळत नाही.

पण साठवणूक हा शब्द सगळ्यात छान कुठे शोभत असेल तर तो पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. मोलमागे १७८ किलोज्यूल भट्टीतल्या जळणाने मोजलेले असतात. या चुन्यात पाणी पडलं की त्यातले ६५ लगेच परत येतात. लगेच म्हणजे अक्षरशः: एक किलो चुन्यामागे साडेतीन लिटर पाण्याला उकळी येईल इतकी उष्णता. चुना विरवणाऱ्याचं पहिलं कौशल्य म्हणजे ही उष्णता सांभाळणं. हौदात आधी पाणी घ्यायचं, मग चुन्याच्या कळ्या थोड्या थोड्या सोडायच्या आणि फावड्याने हलवत राहायचं. चुन्यावर वरून पाणी ओतलं तर ते जागच्या जागी उसळतं, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर डोळा जातो. पाणी फार कमी पडलं तर चुना आतून करपतो, खडबडीत होतो आणि त्याच्या गाभ्यात न विरलेल्या कण्या राहतात. त्या कण्या गिलाव्यात गेल्या की काही महिन्यांनी भिंतीतली ओल पिऊन फुगतात आणि गुळगुळीत भिंतीवर शंकूच्या आकाराचे टवके उडवतात. दोष गवंड्याला लागतो, चूक हौदावरच्या माणसाची असते. म्हणून विरलेला चुना गाळायचा, वर पाणी ठेवून निदान आठवडाभर मुरवायचा, जितका जास्त तितका लोण्यासारखा. मग वाळूबरोबर चुन्याच्या घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं, हिरड्याचं, बेलफळाचं पाणी घालायचं.

आता १७८ मधून ६५ गेले, राहिले ११३. ते कुठे आहेत?

ते भिंत फेडते. विरलेला चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, पाणी सोडतो, आणि मोलमागे ११३ किलोज्यूल सोडतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा आणि भिंत जाड, बाहेरच्या थराचा दगड झाला की आतल्या चुन्यापर्यंत वायू पोचायला आणखी वेळ. दोन-तीन हात रुंद भिंतीच्या गाभ्यात हे काम वर्षानुवर्षं चालतं, इतकं सावकाश की त्या उबेने कुणाचा हातही कधी गरम होत नाही. भट्टीतल्या लाकडांची आच थोडी हौदात फसफसून गेली, बाकीची वाड्याने हप्त्याहप्त्याने परत केली. बेरीज तीच, १७८. हेस यांना हे उदाहरण फार आवडलं असतं. शनिवार-नारायण पेठेत एखादा वाडा पाडतात तेव्हा जेसीबीच्या दातांत येणारी ती पांढरी, करकरीत ढेकळं म्हणजे पूर्ण फिटलेलं कर्ज असतं. सिमेंटवाले त्याला राडारोडा म्हणतात.

राहता राहिलं जीवशास्त्राचं ते पान. त्या पिवळ्या ओळीचा वंश शोधत गेलं तर माणसं मोठी भेटतात. १९२९ साली एटीपी हा, पेशीत ऊर्जेची देवघेव करणारा रेणू जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सिरस फिस्के आणि आपल्या येल्लप्रगडा सुब्बाराव यांनी शोधला. १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन यांनी त्यातल्या फॉस्फेटच्या जोडाला एक खास खूण दिली: सरळ रेघेऐवजी नागमोडी रेघ, 'ऊर्जासंपन्न' बंधाची. हिशेबापुरती खूण म्हणून ती उत्तम होती. पण नागमोडी रेघ दिसते दाबलेल्या स्प्रिंगसारखी, आणि वाचणाऱ्याने ती स्प्रिंगच धरली: कापली की उडाली. खरं म्हणजे तो जोड तोडायला ऊर्जा लागतेच. जिवंत पेशीत तो तुटतो तेव्हा पाणी हजर असतं. फॉस्फेटचा एक बंध सुटतो आणि पाण्याच्या ऑक्सिजनशी दुसरा जुळतो. एटीपीच्या शेपटीवर ऋण भार दाटीवाटीने उभे असतात, सकाळच्या पुणे-लोणावळा लोकलसारखे. सुटल्यावर त्यांना ऐसपैस जागा मिळते, पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी वेढतात, सुट्या फॉस्फेटला आपले इलेक्ट्रॉन जास्त पसरून बसवता येतात. या सगळ्या जुळणीची जमा, तोडणीच्या खर्चापेक्षा जास्त भरते. प्रमाणित स्थितीत मोलमागे ३०.५ किलोज्यूल, पेशीतल्या प्रत्यक्ष परिस्थितीत ५० च्या आसपास. मिथेनच्या ८०२ पुढे हे काहीच नाही, आणि म्हणूनच ते उपयोगाचं. पाचशेच्या नोटेने लिंबू विकत घेता येत नाही. पेशीला सुटे पैसे लागतात. पोह्यांतल्या पिष्टाचं ग्लुकोज आणि श्वासातला ऑक्सिजन यांच्यातला २,८०५ किलोज्यूलचा उतार ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरते आणि पायरीगणिक थोडे एटीपी जोडून ठेवते. माणूस दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी मोडतो आणि पुन्हा जोडतो. त्या २,८०५ चा सौदा आधी झाडाने केलेला असतो, सूर्यप्रकाश देऊन: ग्लुकोज एकीकडे, ऑक्सिजन दुसरीकडे, दोघांना वेगळं करून. पोहे बशीत असतात, आणि त्यांचा मोठा वाटा खिडकीबाहेर.

म्हणजे समासात लिहायचं तर उत्तर तीन ओळींत मावतं. तुटताना लागते. जुळताना मिळते. अन्नात एकट्यात काही नाही, अन्न आणि हवा मिळून आहे. आणि त्याखाली, प्रामाणिकपणे, चौथी ओळ लिहावी लागेल, की जीवशास्त्राच्या पेपरात 'बंध तुटले की ऊर्जा मुक्त होते' हा पर्याय आला तर डोळे मिटून त्यावरच खूण कर, एक मार्क आहे. निळ्या बॉलपेनवाल्याला हे ठाऊक होतं.

गाईड पन्नास रुपयांना होतं. दुकानदाराने दोरी सोडून ढीग पुन्हा रचायला घेतला, पाऊस आला म्हणून वर प्लॅस्टिक ओढलं. पेन्सिल काही कुणाच्या खिशात निघाली नाही.